राष्ट्रनिर्माते आणि धर्म : बॅरिस्टर जीनांचं मृत्युपत्र

गेल्या आठवड्यातले तुर्कस्तानचे केमाल पाशा तसे सोपे होते. सत्ता हाती आल्यावर त्यांनी खिलाफत मोडली, मदरसे बंद केले, फेज टोपीवर बंदी घातली. मनात काय आहे याचा शोध घ्यायची गरजच ठेवली नाही. महंमद अली जीनांचं तसं नाही. त्यांना धर्माधिष्ठित राष्ट्र हवं होतं की धर्मनिरपेक्ष, यावर पाकिस्तानात पाऊणशे वर्षं दोन पक्ष भांडताहेत आणि दोघांच्याही हातात जीनांचीच भाषणं आहेत. आपल्याकडेही हा विषय निघाला की माणसं हातघाईवर येतात. लालकृष्ण अडवाणींनी २००५ मध्ये कराचीत जीनांच्या एका भाषणाची तारीफ केली आणि भाजपमध्ये वादळ उठलं. २००९ मध्ये जसवंतसिंहांना तर जीनांवरच्या पुस्तकापायी पक्षातूनच काढून टाकलं.

या वादात हटकून पुढे येतो तो पुरावा आधी बाजूला ठेवू. जीनांचे विलायती सूट, त्यांचं खाणंपिणं, नमाजाचा कंटाळा, पारशी घराण्यातल्या रतनबाई पेटिट यांच्याशी १९१८ मध्ये झालेलं लग्न (लग्नाआधी त्या मुसलमान झाल्या होत्या, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात). यातून माणूस कर्मठ नव्हता एवढंच कळतं. गायीला उपयुक्त पशू म्हणणारे सावरकर कुठे कर्मकांड मानत होते? उलट रोज प्रार्थना करणारे गांधी आणि कुराणाचे भाष्यकार मौलाना आझाद धर्माधारित राष्ट्राच्या विरोधात उभे राहिले. देवघर आणि राजकारण यांचं गणित इतकं सरळ नसतं.

जीना वकील होते, तेव्हा त्यांना कायद्याच्या कामात पाहावं. मुंबईतले जीना म्हणजे गोखल्यांना गुरुस्थानी मानणारे, १९१६ मध्ये टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला हायकोर्टात जिंकून देणारे, त्याच वर्षी लखनौ करार जुळवून आणणारे जीना. केंद्रीय कायदेमंडळात मात्र ते मुंबईच्या मुस्लिम राखीव जागेवरून गेले होते. विभक्त मतदारसंघांना त्यांचा विरोध होता, आणि कायदेमंडळाचा दरवाजा उघडला तो त्याच व्यवस्थेनं! पुढची सगळी गोष्ट या विसंगतीत आहे, असं मला वाटतं.

१९१२ मध्ये भूपेंद्रनाथ बसूंचं आंतरधर्मीय विवाहाला वाट करून देणारं विधेयक चर्चेला आलं. मुस्लिम सनातन्यांचा विरोध पत्करून जीनांनी त्याला पाठिंबा दिला. विधेयक बारगळलं. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, त्यांनी स्वतः मांडलेला वक्फविषयक कायदा मंजूर झाला. कुटुंबाच्या भल्यासाठी केलेले वक्फ न्यायालयांनी रद्द ठरवले होते, तसे वक्फ करणं या कायद्यानं पुन्हा वैध झालं. त्या वेळी त्यांना मुसलमान समाजाचा प्रतिनिधी म्हणून नाव मिळालं ते यामुळे.

त्याहून बोलका आहे तो १९३७चा शरियत कायदा. रूढीऐवजी शरियत लागू करावी, हा त्याचा हेतू. जीना खोजा समाजातले. खोजे आणि कच्छी मेमण वारसाहक्काच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या हिंदूंसारख्या रूढी पाळत आलेले. शरियतप्रमाणे वारसांच्या संमतीवाचून मालमत्तेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त हिस्सा मृत्युपत्रानं देता येत नाही. जीनांनी विधेयकात दुरुस्ती आणली : दत्तक, मृत्युपत्र आणि मृत्युपत्रान्वये दिलेलं दान, या बाबतीत ज्यानं तसं लिहून दिलं त्यालाच शरियत लागू. दोन वर्षांनी, ३० मे १९३९ रोजी, त्यांनी स्वतःचं मृत्युपत्र केलं आणि सगळ्या मालमत्तेची विल्हेवाट लावली. मलबार हिलचा बंगला बहीण फातिमा यांना, मुंबई विद्यापीठाला ५० हजार, अंजुमन-इ-इस्लामच्या शाळेला २५ हजार, उरलेल्यात अलिगढ विद्यापीठ आणि पेशावर-कराचीच्या शिक्षणसंस्था. एक तृतीयांशाची मर्यादा कुठेच नाही. शरियतचा झेंडा समाजासाठी, सूट स्वतःसाठी, असं कुणी म्हटलं तर त्यात चूक नाही. पण मला त्यात ढोंगापेक्षा वकिली जास्त दिसते. मुसलमान हा त्यांच्या लेखी एक पक्षकार होता. पक्षकाराचं धर्मशास्त्र वकिलाला पाळावं लागत नाही.

असा वकील खटला जिंकण्यासाठी मिळेल तो युक्तिवाद वापरतो. १९२० मध्ये नागपूरच्या अधिवेशनात गांधींच्या असहकाराला विरोध करून काँग्रेसमधून बाहेर पडणाऱ्या जीनांना खिलाफत चळवळीची धर्मभावना राजकारणात नको होती. १९४० मध्ये लाहोरात त्यांनीच सांगितलं, की हिंदू आणि मुसलमान यांच्यात रोटीबेटी नाही, एकाचा वीर तो दुसऱ्याचा वैरी, म्हणून ही दोन राष्ट्रं. १९४५ मध्ये निवडणुका तोंडावर असताना सरहद्द प्रांतातल्या मानकी शरीफच्या पिरांना त्यांनी पत्र लिहून शरियतबाबत आश्वस्त केलं. पीर मंडळींच्या मुरीदांची, म्हणजे शिष्यांची, मतं हवी होती.

आणि मग ११ ऑगस्ट १९४७. कराचीत संविधान सभेचं हंगामी अध्यक्षपद त्या दिवशी जोगेंद्रनाथ मंडल या बंगालच्या दलित नेत्याकडे होतं. अध्यक्षपदी निवड झाल्यावर जीनांनी इंग्लंडमधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट वैराचा दाखला दिला. कुणाचा धर्म कोणता याच्याशी राज्याला कर्तव्य नाही आणि काळाच्या ओघात हिंदू-मुसलमान हा भेद नागरिक म्हणून उरणार नाही, असं ते म्हणाले. अधिकाऱ्यांनी हा भाग छापू नये म्हणून वर्तमानपत्रांवर दडपण आणलं. ‘डॉन’चे संपादक अल्ताफ हुसेन यांनी थेट जीनांकडे जाण्याची धमकी दिली, तेव्हा भाषण पूर्ण छापलं गेलं. राष्ट्रपित्याचं भाषण कापायची तयारी राष्ट्र जन्मण्याच्या तीन दिवस आधीच झाली होती!

पण २५ जानेवारी १९४८ रोजी कराचीच्या वकिलांसमोर तेच जीना म्हणाले, की राज्यघटना शरियतवर आधारलेली नसेल असं सांगणारे खोडसाळ आहेत. फेब्रुवारीत अमेरिकी श्रोत्यांना सांगितलं, पाकिस्तान धर्मगुरूंचं राज्य होणार नाही. सप्टेंबरमध्ये ते वारले. जनाज्याची नमाज देवबंदी परंपरेतले मौलाना शब्बीर अहमद उस्मानी यांनी पढवली.

माझा कौल असा : जीना धर्मवेडे नव्हते, आणि त्यांना मुल्लांचं राज्य नको होतं. तरीही ते धर्मनिरपेक्ष राष्ट्राचे जनक ठरत नाहीत. ज्या युक्तिवादावर राष्ट्र मिळवलं, तो एका भाषणानं मागे घेता येत नाही. निकाल लागल्यावर युक्तिवाद पक्षकाराच्या मालकीचा होतो.

मार्च १९४९ मध्ये संविधान सभेपुढे राज्यघटनेची दिशा ठरवणारा उद्दिष्टांचा ठराव आला. तिथल्या काँग्रेसच्या हिंदू सदस्यांनी ११ ऑगस्टचं भाषण पुढे केलं, तर उस्मानींनी मानकीच्या पिरांना लिहिलेलं पत्र. ठराव मंजूर झाला. अल्पसंख्याकांना आपला धर्म ‘मोकळेपणानं’ पाळता येईल, असं त्यात म्हटलं होतं. १९८५ मध्ये लष्करशहा झिया-उल-हक यांनी हा ठराव घटनेत घातला तेव्हा नेमका ‘मोकळेपणानं’ हा शब्द गळला. तो परत आला २०१० मध्ये, अठराव्या घटनादुरुस्तीनं.

(पुढील आठवड्यात : सुकार्णो आणि इंडोनेशियाचं ‘पंचशील’)