कुलूपबंद सभागृह आणि बारा पंच

एखाद्या गरीब समाजाला स्वतःच्या हक्काच्या चार भिंती उभारायला किती वर्षे लागतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. आधी जागेचा शोध, मग घरोघरची वर्गणी. पण एवढे करून मिळविलेल्या जागेवर सरकारनेच पहारा बसविला तर? साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडन शहरात हेच घडले.

क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक साधा पंथ. त्यांच्यात पगारी पुरोहित नव्हता. माणसामाणसांत ते उच्चनीच मानीत नसत, म्हणून बड्या अधिकाऱ्यापुढेही डोक्यावरची टोपी काढीत नसत. १६७० च्या कायद्याने राजमान्य चर्चबाहेरच्या अशा उपासना-सभांना बंदी केली. १४ ऑगस्ट १६७० रोजी क्वेकर मंडळी ग्रेसचर्च स्ट्रीटवरील आपल्या सभागृहापाशी आली, तेव्हा दारात शिपाई उभे होते. मंडळी परत फिरली नाहीत. विल्यम पेन या पंचवीस वर्षांच्या तरुणाने रस्त्यावरच प्रवचन केले. त्याला व विल्यम मीड या कापड व्यापाऱ्याला अटक झाली. आरोप होता बेकायदा जमाव जमविल्याचा.

सप्टेंबरमध्ये ओल्ड बेली कोर्टात खटला उभा राहिला. शिपायाने दोघांच्या टोप्या काढल्या होत्या. कोर्टाने त्या पुन्हा डोक्यावर ठेवावयास लावल्या आणि मग टोपी न काढल्याबद्दल दंड ठोठावला! असा तो न्याय.

निकाल मात्र १२ नागरिकांच्या ज्युरीच्या हाती होता. पेन रस्त्यावर बोलला, एवढेच त्यांनी सांगितले. तो गुन्हा आहे असे म्हणेनात. कोर्टाने त्यांना अन्न, पाणी व शेकोटीवाचून दोन रात्री कोंडून ठेवले. एडवर्ड बुशेल या ज्युरराला तर भर कोर्टात धमकावले. तरी ५ सप्टेंबरला निकाल आला : दोघेही निर्दोष!

त्याबद्दल प्रत्येक ज्युरराला ४० मार्क दंड झाला आणि दंड भरेपर्यंत तुरुंग. बुशेल व त्याच्या तीन साथीदारांनी दंड भरण्यास साफ नकार देऊन वरच्या कोर्टात दाद मागितली. सरन्यायाधीश व्हॉन यांनी त्यांना मुक्त केले. दिलेल्या निकालाबद्दल ज्युरीला शिक्षा करता येत नाही, हे तेव्हापासून कायम झाले. ओल्ड बेलीत त्या ज्युररांच्या धैर्याची पाटी आजही आहे.

पुढे १६८९ च्या कायद्याने क्वेकरांना आपली सभागृहे रीतसर नोंदवून उघडपणे जमण्याची मोकळीक मिळाली. ज्युरीत बसायला मालमत्ता असावी लागे, ती अट मात्र इंग्लंडात १९७२ च्या कायद्यानेच गेली. आज तेथे मतदारयादीतून चिठ्ठी निघते, आणि भाड्याच्या खोलीत राहणारा कामगारही त्या बाकावर बसतो.

आपल्याकडे फौजदारी खटल्यांतील ज्युरीची पद्धत १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने संपली. पण पंचनाम्यावर सही करायला आणि कोर्टात साक्ष द्यायला आपल्यापैकी कोणालाही बोलावणे येऊ शकते. दिवसाचा खाडा होतो, वरून दबाव येतो, हे आम्ही जाणतो. तरीही जे पाहिले तेच सांगावे, न वाचता सही करू नये. त्या बाराजणांपैकी कोणी क्वेकरांसाठी वीट रचली नव्हती की वर्गणी दिली नव्हती. दोन रात्री उपाशी राहून ते खरे तेवढेच बोलले, म्हणून दुसऱ्यांची माणसे सुटली. ही हकिगत घरातल्या मुलामुलींना अवश्य सांगावी.