छतावरचे आकडे: एका टिकी खोलीत सापडलेला संशोधनाचा प्रश्न

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींशी बोलताना एक तक्रार हमखास ऐकू येते. विषय सापडलाय, पण संशोधनाचा प्रश्न सापडत नाहीये. माझंही तेच झालं होतं. म्हणून आज व्याख्या बाजूला ठेवून एका छताची गोष्ट सांगतो. छत म्हणजे खरंच छत. कॅलिफोर्नियात मी भाड्याने राहतो त्या घराच्या मागच्या बाजूला एक खोली आहे. तिचं छत बांबू आणि झाडाच्या सालीच्या कापडाने मढवलेलं आहे.

घरमालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. ही खोली त्यांच्या वडिलांनी १९६२ साली स्वतःच्या हाताने सजवली. अशा खोलीला इथे टिकी रूम म्हणतात. (आलू टिक्कीशी संबंध नाही. टिकी म्हणजे पॉलिनेशियातली माणसाच्या आकाराची कोरीव मूर्ती.) अमेरिकेतली दारूबंदी १९३३ च्या डिसेंबरात उठली. त्याच सुमारास हॉलिवूडमध्ये डॉन द बीचकोंबर नावाचा बार सुरू झाला आणि दक्षिण समुद्रातल्या बेटांचा देखावा उभारून रमची पेयं विकू लागला. ओकलंडच्या व्हिक्टर बर्जरॉनने तीच कल्पना उचलून 'ट्रेडर व्हिक्स' नावारूपाला आणलं. पुढे महायुद्धात लाखो सैनिक पॅसिफिकमध्ये जाऊन आले, १९४७ मध्ये कोन-टिकी तराफ्याची सफर गाजली, १९५९ मध्ये हवाई हे अमेरिकेचं राज्य झालं, आणि हा देखावा हॉटेलांतून मध्यमवर्गीयांच्या घरात शिरला. गॅरेजमागची रिकामी खोली, कोपऱ्यात बांबूचा काउंटर, वर काचेचे मासेमारीचे गोळे टांगलेले. साधारण सगळीकडे हेच चित्र.

या सगळ्यात छताला फार महत्त्व असतं. भिंतीवर मुखवटे टांगता येतात, पण मान वर केल्यावर पांढरं प्लास्टर दिसलं की सगळी मजा गेली! म्हणून छत झाकायचं. प्लायवुडवर तापा कापडाचे चौकोन ताणून बसवायचे, जोडांवर उभ्या चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या ठोकायच्या आणि कडेने चटई लावायची. बाईंच्या वडिलांनी हेच केलं होतं. गेल्या पावसाळ्यात (इथला पावसाळा हिवाळ्यात असतो) छप्पर गळलं, एका कोपऱ्यात तपकिरी डाग पसरला आणि बाईंनी मला विचारलं, "तू असल्याच गोष्टींचा अभ्यास करतोस ना? मग हे उतरवून पुन्हा लावायला मदत कर." त्यांचा दुसरा प्रश्न होता, "हे अस्सल आहे का?"

मी बघितलं आणि छाती फुगवून सांगितलं की हो, अस्सल आहे. उत्तर बरोबर होतं. पण ते दिल्यावर पुढे विचारण्यासारखं काही उरलंच नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' यात संपतं त्यावर प्रबंध उभा राहत नाही, ही गोष्ट माझ्या गाईडने मला निदान चार वेळा सांगितली असेल. कळली ती शिडीवर उभा असताना.

आधी कापडाविषयी थोडं. तापा विणलेलं नसतं. कागदी तुतीचं वर्ष-दीड वर्षाचं रोप कापायचं, साल सोलायची, बाहेरची खरखरीत साल काढून टाकायची आणि अंतरसाल लाकडी ठोकळ्यावर मोगरीने बडवत राहायची. बडवून बडवून ती चांगली रुंद होते. असे तुकडे आडवे-उभे दोन थरांत कंदाच्या खळीने चिकटवत नेले की हवं तेवढं मोठं कापड तयार होतं. सामोआत त्याला सिआपो म्हणतात, फिजीत मासी, हवाईत कापा. टोंगात रंगवलेल्या कापडाला ङातू म्हणतात. शाळेत पाठ केलेल्या आपल्या 'ङ'ला वाङ्मयाबाहेर काम मिळाल्याचा मला मनापासून आनंद झाला. टोंगात रंगकामाला बायकांचा गट जमतो. नारळाच्या पानाच्या हिरांनी शिवलेल्या नक्षीच्या पाट्या, म्हणजे कुपेसी, खाली ठेवायच्या आणि वरून कापडावर तपकिरी रंग घासायचा. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासल्यावर ठसा उठतो ना, तसंच. हा रंग कोका नावाच्या झाडाच्या सालीचा. हेच झाड आपल्या सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलातही वाढतं.

एका चांगल्या प्रश्नाचं उदाहरण इथेच देऊन टाकतो. पॅसिफिकमधली कागदी तुती मूळची तिथली नाही, बेटांवर वसायला निघालेल्या माणसांनी ती होडीतून नेली. मग माणसं कुठून निघाली याचा माग या रोपावरून काढता येईल का? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोपांच्या हरितलवकांमधल्या डीएनएची तुलना करून हा माग तैवानपर्यंत नेला गेला. रोपं बियांऐवजी फुटव्यांपासून वाढवली जात असल्यामुळे वंशरेषा फारशी मिसळली नव्हती, म्हणून हे जमलं. 'तापा कुठला?' हा मोघम विषय. 'या रोपाचे फुटवे कोणत्या वाटेने गेले?' या प्रश्नाला पुरावा शोधता येतो.

आता परत शिडीवर येऊ. मी पहिली बांबूपट्टी काढली तेव्हा खालून पिठासारखी भुकटी सांडली. भुंगेऱ्यांनी बांबू पोखरला होता. पट्टीखालचं कापड मात्र साठ वर्षं उजेड आणि सिगारेटच्या धुरापासून वाचलेलं. बाकी कापड चहाच्या रंगाचं झालं होतं, इथे मूळ फिकट रंग शाबूत होता. आणि त्या फिकट कडेवर हाताने लिहिलेले आकडे होते: १४, १५, १६, १७.

ङातूच्या कडेला असे आकडे असतात. कापडाच्या लांबीचे ठरावीक भाग पाडलेले असतात, एकेका भागाला लाङाङा म्हणतात आणि तो साधारण दीड फुटाचा असतो. पन्नास लाङाङांच्या कापडाला लाउनिमा असं वेगळं नाव आहे. दुसऱ्या चौकोनावर १८ ते २१ निघाले आणि नक्षीची रेघ पहिल्या चौकोनावरून दुसऱ्यावर सरळ पुढे जात होती. तिसऱ्यावर ३१ ते ३४, रंगाची छटा आणि कुपेसी तीच. चौथ्यावर आकडेच नव्हते, म्हणजे तो बहुधा कापडाच्या मधल्या भागातून कापलेला. मी वहीत गणित मांडलं. चौतीस गुणिले दीड. एका लहानशा खोलीच्या छतावर निदान पन्नास फूट लांब कापडाचे तुकडे होते.

इथे मी एक चूक केली. इतकं लांब कापड टोंगात लग्न, अंत्यविधी, राज्याभिषेक अशा प्रसंगी द्यायला-अंथरायला करतात हे मी वाचलेलं होतं. लगेच वहीत लिहिलं: 'कुणाच्या तरी अंत्यविधीचं कापड अमेरिकेत कापून बारच्या डोक्यावर ठोकलं.' वाक्य जोरदार आहे. गाईडने ते वाचून फक्त समासात लिहिलं, "कापलं कुणी?" पुन्हा वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मोठी ङातू कापून वाटणं टोंगातही चालतं. समारंभानंतर कापडाचे भाग होतात आणि ते नातेवाइकांत, मानकऱ्यांत जातात. शिवाय नुकुअलोफाच्या बंदरात जहाज लागलं की प्रवाशांना विकायला लहान तुकडे बायका स्वतःच तयार करत. म्हणजे कात्रीचा काप हा लुटीचा पुरावा होत नाही. त्यावरून एवढंच ठरतं की कुठेतरी, कुणीतरी, कशासाठी तरी हे कापड कापलं. मी आधीच निकाल ठरवून ठेवला होता आणि आकडे त्याला साक्षीदार म्हणून बोलावले होते.

याच्या उलट टोकाची चूकही सहज होते, ती म्हणजे 'छतावर तापा हा अमेरिकी खुळचटपणा, बेटांवर असं काही नव्हतंच.' फिजीच्या जुन्या देवळांत पांढऱ्या मासीची लांब पट्टी छपराच्या आढ्यापासून खाली जमिनीपर्यंत सोडलेली असे. देव त्या वाटेने उतरून पुजाऱ्याच्या अंगात येतो अशी समजूत होती. उंचावरच्या कापडाला तिथे काम होतं. बारमध्ये तेच कापड आडवं ताणून प्लास्टर लपवायला वापरलं. ही तुलना मला आवडते, पण आमच्या छतावरचं कापड टोंगाचं, देऊळ फिजीचं. दोन्हींना 'पॉलिनेशियन' म्हणून एका पोत्यात भरलं तर जे टिकी बारवाल्यांनी केलं तेच आपणही करतो. फिजीला तर सहसा मेलानेशियात धरतात.

मग प्रश्न काय उरला? या कापडाचा टोंगापासून या छतापर्यंतचा प्रवास कुणाकुणाच्या हातून झाला. घरातली गोष्ट अशी होती की वडील नौदलात होते आणि युद्धातून येताना त्यांनी हे कापड आणलं. अशक्य नव्हतं. १९४२ मध्ये टोंगात अमेरिकी तळ होता. लहानपणापासून बाईंनी ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगितली होती. पण चारही चौकोन अगदी सारख्या मापाचे, तीन बाजूंनी कात्रीने सरळ कापलेले आणि प्लायवुडवर ठोकायच्या आधी कुठे टांगल्याचं एकही भोक नाही. घडीच्या रेघाही सगळ्या चौकोनांवर एकाच जागी. वीस वर्षं पेटीत पडलेलं मोठं कापड घरी आणून कापलं असतं तर घड्या अशा आल्या नसत्या. कापल्यानंतर चौकोन एकावर एक ठेवून दुमडलेले होते.

आणि मग वडिलांच्या हत्यारांच्या डब्यात, खिळ्यांच्या पुड्याखाली, एक पावती मिळाली. १९६२. सजावटीचं सामान विकणाऱ्या दुकानाची. बांबू, चटई, तापा चार नग.

संशोधक म्हणून मला उडी मारावीशी वाटली. अशा दुकानांचा व्यापार दक्षिण कॅलिफोर्नियात त्या काळी जोरात होता, व्हिटियरचं ओशियानिक आर्ट्स १९५६ पासून टिकी बारांना असं सामान पुरवत होतं. माझ्या प्रकरणाला हवा होता नेमका तसाच दुवा हातात आला होता. पण खाली स्वयंपाकघरात बसलेल्या बाईंना काय सांगायचं? प्रवेशाच्या मुलाखतीत संशोधनातली नैतिकता यावर दोन वाक्यं सगळेच पाठ करून जातात, मीही गेलो होतो. त्यात हा प्रसंग नव्हता. एक दिवस मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी पावती त्यांच्यासमोर ठेवली.

त्या बराच वेळ तारीख बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाबा खोटं बोलत नसत." थोड्या वेळाने म्हणाल्या, "कदाचित आईच असं सांगायची." कोण सांगायचं, कधीपासून सांगायला लागले, हेही आता माझ्या वहीत आहे. घरातली गोष्ट चुकीची ठरली म्हणून ती साधन म्हणून बाद होत नाही. १९६२ नंतर त्या घराला युद्धातून आणलेलं कापड का हवं होतं, हा वेगळा प्रश्न तयार होतो.

छत परत कसं लावलं तेही सांगतो, कारण तिथेही निर्णय होते. भिजलेला चौथा चौकोन परत चढवलाच नाही. जाड नळीवर गुंडाळून ठेवला. बाकीच्यांच्या फाटलेल्या कडांना मागून जपानी कोझो कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावल्या. संग्रहालयांतही तापा असाच दुरुस्त करतात आणि कोझो हाही कागदी तुतीच्याच कुळातला. खिळे कापडातून एकही मारला नाही. मागे सुती कापड, आणि आधार सगळा बांबूच्या पट्ट्यांचा. आडवं टांगलेलं कापड मधे झोळीसारखं लोंबतं, म्हणून पट्ट्या जवळजवळ घेतल्या. दमट हवेत तापा फुगतो आणि कोरड्यात आकसतो, त्यामुळे ताणून बसवायचा मोह टाळला. नवा बांबू टाकणखाराच्या पाण्यात मुरवून, पुरता वाळवून घेतला आणि कापडाला थेट टेकू नये म्हणून मधे कागदाची पट्टी सोडली. आग न लागण्याचं रसायन जुन्या कापडावर फवारलं नाही, त्यातले क्षार कापड खातात. त्याऐवजी गरम होणारे दिवे काढून एलईडी लावले आणि त्या खोलीत मेणबत्ती बंद.

पट्ट्या कुठे ठोकायच्या यावर आमचा थोडा वाद झाला. माझं म्हणणं होतं की आकडे परत झाकावेत, उजेडाने फिके पडतील. बाई म्हणाल्या, मला ते दिसायला हवेत. घर त्यांचं. शेवटी पट्ट्या दोन इंच सरकवल्या, त्या कडेवर थेट उजेड पडणार नाही असा दिवा फिरवला आणि लावण्याआधी प्रत्येक आकड्याचा मोजपट्टीसकट फोटो घेतला.

चौथ्या चौकोनाच्या रिकाम्या जागी सध्या नुसती चटई आहे. पावती बाईंनी मला दिली नाही, फोटो काढू दिला. दुकानाचं नाव प्रबंधात छापायचं की नाही ते त्या विचार करून सांगणार आहेत.