"दुसरी पार्टी तयार आहे, आजच टोकन द्या!"

मित्रांनो, नाचणे असो की कुवारबाव, फ्लॅट बघायला गेलात की एजंटकडून हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. दुसरी पार्टी असेलही, नसेलही. घाई करू नका. तुमची ऑफर लेखी द्या आणि ती पोचली का, हे थेट मालकालाच विचारा.

नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या साइटवर एजंटचा नोंदणी क्रमांक तपासा. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १० प्रमाणे एजंटला आपल्या सेवेबद्दल दिशाभूल करता येत नाही. कलम १३ प्रमाणे करार नोंदवल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

आणि एजंट मित्रांनो, खोटी पार्टी दाखवून एक डील होईलही. पण रत्नागिरी लहान आहे, पुढची दहा हातची जातील!