ताम्हिणीत हिमालयन ४५०: पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये काय कळलं

नेहमीप्रमाणे या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले "अं", "म्हणजे कसंय" वगैरे काढलेत, बाकी जवळपास तसंच.

आजची गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५०. ती आली २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, पण माझ्या हाताला आत्ता लागली, एका मित्राकडून दिवसभरासाठी. पुणे, पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव आणि त्याच रस्त्यानं परत. जुनी ४११ सहा वर्षं माझ्या दारात उभी आहे. त्यामुळे "ती विकून ही घ्यावी का" हा प्रश्न तुमच्याइतकाच माझाही आहे.

इंजिनापासून सुरुवात करू, कारण खरा फरक तिथेच आहे. ४११ ची ताकद साधारण २४ पीएस, हिची ४०. टॉर्क ३२ न्यूटन मीटरवरून ४० वर गेला. आता हे आकडे नीट बघा. टॉर्क वाढला पाव पट, ताकद मात्र जवळजवळ दोन तृतीयांश. हे कसं? ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. हे इंजिन जास्त वेगानं फिरतं, म्हणून ताकद जास्त. जुन्यात सिलिंडरचा व्यास ७८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८६. नव्यात व्यास ८४ आणि धाव ८१.५. धाव लांब असली की पिस्टन फार वेगानं पळवता येत नाही, त्यामुळे तसं इंजिन खालच्या आरपीएमवर जोर लावेल असंच बांधतात. नव्याची धाव आखूड, वर पाणी फिरवून थंड करायची सोय, सोबत सहा गिअर. सगळा रोख वरच्या आरपीएमकडे.

रस्त्यावर याचा अर्थ काय? ताम्हिणीच्या चढावर पुढे भरलेला ट्रक आहे, वेग तीसच्या आसपास. ४११ तिसऱ्या गिअरमध्ये ढुकढुक करत, बैलासारखी ओढत राहते. ४५० तशी ठेवली की कुरकुरते. दुसरा टाका, सुई तीन हजारांच्या वर न्या, आणि मग बघा! ट्रक कधी मागे पडला कळतही नाही. क्लच हलका आहे, त्यामुळे सारखे गिअर बदलायचा त्रास होत नाही. पण बदलावे लागतात हे नक्की. डाव्या पायाला आराम देऊन घाट चढायची सवय असलेल्यांनी हे आधी समजून घ्यावं. माणगावला हायवेला लागल्यावर मात्र ४११ ची आठवणही आली नाही. शंभरला इंजिन निवांत, आरसे स्थिर, पुढे अजून शिल्लक.

आता उंची. सीट ८२५ मिलिमीटर, वर सरकवली तर ८४५. जुनीची ८००. माझी उंची पाच फूट सहा. दोन्ही पाय टेकतात, पण चवड्यांवर. सपाट रस्त्यावर काही नाही वाटत. उताराला तोंड करून गाडी लावली आणि मागे ढकलायची वेळ आली की १९६ किलो काय चीज आहे ते कळतं. (चहाच्या टपरीवर दोघांनी हात दिला, नाहीतर दुसरा चहा नक्की होता.) एवढी उंच का? सस्पेन्शनला दोन्हीकडे २०० मिलिमीटर हालचाल हवी, पोटाखाली २३० मिलिमीटर जागा हवी. मग सीट वर जाणारच. बसक्या सीटचा पर्याय कंपनी देते. त्यावर ती ८०५ पर्यंत उतरते. माझ्या उंचीच्या माणसानं तोच बघावा.

त्या उंचीच्या बदल्यात मिळतं काय, ते मुळशीच्या पुढे उखडलेल्या पट्ट्यात कळलं. पुढचं चाक २१ इंची. मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं आणि कडेवर सावकाश चढतं, म्हणून हँडलला झटका कमी बसतो. उभं राहून मुरुमावरून गेलो तर गाडी आपली आपण सरळ जात होती. मागच्या चाकाचं एबीएस बंद करता येतं, पुढचं चालूच राहतं. सुट्या खडीवर मागचं चाक जरा घसरवून गाडी वळवायची तर हे हवंच. ओल्या डांबरावर मात्र चालूच ठेवा.

एक गोष्ट घेण्याआधी विचारा: चाकं ट्यूबची की ट्यूबलेस? सुरुवातीला गाडी ट्यूबची तारेची चाकं घेऊन आली, ट्यूबलेस तारेच्या चाकांचा पर्याय नंतर. घाटात पंक्चर झालं तर फरक अर्ध्या दिवसाचा पडतो. ट्यूबलेसला माणूस स्वतः पट्टी ठासून पुढे निघतो.

पैशांचं थोडक्यात. सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत २ लाख ६९ हजार होती, आज त्या भावाची आशा नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या गाड्यांचा कर सेससकट ३१ टक्क्यांवरून ४० वर गेला.

तर माझी ४११ अजून दारातच आहे, आणि निदान यंदाचा पावसाळा राहील. माझं निम्मं फिरणं भोर-वेल्ह्याकडच्या अरुंद, चढ्या रस्त्यांवर, मागे बायको बसलेली, वेग तीस-चाळीस. तिथं मला ती ढुकढुकच हवी आहे. तुमचं फिरणं पुणे-कोल्हापूर-गोवा असं लांबचं असेल तर तुम्ही ४५० घ्या, बिनधास्त. फक्त टेस्ट राइडला जाताना रोजचे बूट घाला, मागे माणूस बसवा, आणि शोरूमवाल्याला सांगून एखाद्या चढावर गाडी पूर्ण थांबवून परत सोडून बघा.