दिव्याने बुद्धी उजळेल का?

दिव्याने घर उजळते, तशी बुद्धीही उजळेल का? प्रश्न एखाद्या कवीला शोभेल असा आहे. पण अमेरिकेतील काही मेंदूशास्त्रज्ञ तो प्रयोगशाळेत विचारीत आहेत, आणि तोही डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेल्या माणसांसाठी. माझ्या भाच्यामुळे या विषयाकडे माझे लक्ष गेले. जे वाचले, समजले, ते येथे सांगतो.

आधी मूळ गोष्ट. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. या मुलांत बहुधा एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. १९५९ साली पॅरिसमधील संशोधकांनी हे दाखवून दिले. तेव्हा गरोदरपणी पाहिलेल्या ग्रहणाचा किंवा कोणाच्या पापपुण्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही!

याच गुणसूत्रावर अमायलॉइड नावाच्या पदार्थाला कारण होणारा जनुक आहे. जनुकाच्या दोनऐवजी तीन प्रती, म्हणून तो पदार्थही जास्त. चाळिशीपर्यंत या बहुतेकांच्या मेंदूत, अल्झायमरच्या रोग्यांत दिसतात तसे, त्याचे थर साचतात. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास या माणसांचे सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांचे होते. आता ते साठीला पोचले आहे. आयुष्य वाढले, तशी स्मृती जपण्याची काळजीही वाढली.

आता दिव्याकडे वळू. लक्ष देताना, आठवताना मेंदूतील पेशी एका लयीत काम करतात. त्यांतील एक लय सेकंदाला सुमारे ४० ठोक्यांची असते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील ली-ह्वेई त्साइ यांनी २०१६ साली अल्झायमरसारखा विकार असलेल्या उंदरांपुढे सेकंदाला ४० वेळा लुकलुकणारा दिवा ठेवला. त्यांच्या मेंदूच्या दृष्टिविभागात अमायलॉइड कमी झालेले आढळले. २०२५ साली याच प्रयोगशाळेने डाउन सिंड्रोमसारखी जडणघडण असलेले उंदीर घेतले. रोज एक तास, तीन आठवडे, त्याच लयीचा प्रकाश आणि ध्वनी. ते उंदीर नवे काय नि ओळखीचे काय हे अधिक चांगले ओळखू लागले, आणि स्मृतीशी निगडित अशा मेंदूच्या भागात नव्या चेतापेशी तयार होण्याचे प्रमाणही वाढले.

हे ऐकताच माझी थोरली बहीण म्हणाली, "अरे, असा दिवा इथं मिळेल का? पैशांचं बघू आपण काहीतरी." आईचे मन ते! पण मला तिला थांबवावे लागले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि या उंदरांत त्या जादा गुणसूत्राचे पुरते चित्रही उतरत नाही. शिवाय २०२३ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील एका गटाला, असाच दिवा वापरूनही, उंदरांत अमायलॉइड कमी झाल्याचे दिसले नाही. म्हणजे जाणकारांतच अजून एकमत नाही. आणखी एक धोका आहे. लुकलुकता प्रकाश काहींना फिट आणू शकतो, आणि डाउन सिंड्रोममध्ये फिटचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते. तेव्हा 'बुद्धिवर्धक दिवा' म्हणून कोणी काही विकू लागला, तर पैसे मोजण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

मग आईबापांनी हात जोडून बसावे काय? मुळीच नाही. या मुलांत ऐकू कमी येणे, नजर अधू असणे, थायरॉइड मंदावणे हे सर्रास आढळते. कानांत नीट ऐकू आले नाही तर शब्द कसे यायचे? आणि आपण मात्र त्याला बुद्धीचा दोष म्हणून मोकळे होतो! या तपासण्या वेळच्या वेळी होऊ शकतात. बोलण्याचा सराव, शाळा, हाताला काम आणि बरोबरीच्यांची संगत यांना कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. माझा भाचा एका कार्यशाळेत पणत्या रंगवतो आणि रोजची बस एकटा पकडतो. हे त्याने वर्षानुवर्षांच्या सरावाने मिळवले आहे.

त्या दूरच्या दिव्याची बातमी जरूर ऐकत राहा. तो खरा ठरला तर आनंदच आहे. तोवर कानांची तपासणी मात्र या महिन्यात करून घ्या.