चिखल चाकापाशीच अडवा

सह्याद्रीतली सायकल : लेखांक सातवा

मागच्या आठवड्यात आपण ओल्या वाटेवरचे ब्रेक आणि टायरमधली हवा यांचा विचार केला. दोन्ही गोष्टी नीट जमल्या तरी पावसाळ्यात एक अडचण उरतेच. उतारावर सायकलने वेग घेतला की तोंडावर चिखलाचा मारा सुरू होतो. जुलै-ऑगस्टमध्ये लोणावळ्याहून राजमाचीच्या कच्च्या वाटेला लागलेल्या कुणालाही हा मारा नवीन नाही. कपडे धुता येतात, सायकल धुता येते. पण चिखल डोळ्यात गेला की पापण्या आपोआप मिटतात, आणि नेमका तेव्हाच समोरचा दगड दिसायला हवा असतो. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे सात मीटर पुढे जाते. डोळे तेवढाच वेळ मिटले, तरी सात मीटर वाट आपण न बघता कापलेली असते.

यावर बहुतेक जण चष्मा घेऊन मोकळे होतात. चष्मा हवाच, पण ती संरक्षणाची दुसरी फळी. पहिली फळी पुढच्या चाकापाशी उभारावी लागते, कारण तोंडावर येणारा बराचसा चिखल आपल्याच पुढच्या चाकाने उडवलेला असतो.

तो उडतो कसा, ते पाहू. चाक जमिनीवरून चिखल उचलतं आणि मागच्या बाजूने वर नेतं. टायरवरून सुटलेला गोळा त्या क्षणी टायरचा तो भाग ज्या दिशेने चाललेला असतो, त्याच दिशेने जातो. चाकाच्या मागच्या-वरच्या भागातून सुटलेला चिखल त्यामुळे वर आणि पुढे फेकला जातो. ताशी २५ किलोमीटरला, हवेचा अडथळा सोडला तर, तो जमिनीपासून जवळजवळ पावणेदोन-दोन मीटर उंची गाठू शकतो. म्हणजे थेट आपल्या डोक्याइतकी. गंमत अशी की हा चिखल आधी आपल्या पुढे जातो. मग हवा त्याचा वेग मोडते, आपण मात्र त्याच वेगाने पुढे येत असतो आणि हवेत तरंगणाऱ्या त्या शितोड्यांवर जाऊन आदळतो. घाटातला समोरचा वारा यात भरच घालतो.

चढावर हा त्रास का होत नाही, याचंही उत्तर चाकातच आहे. ताशी आठ किलोमीटरला टायरवरच्या चिखलाला बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम सव्वा ते दीडपट असतो, त्यामुळे चिकट माती टायर सोडत नाही. २५ किलोमीटरला हाच जोर सुमारे १३ पट होतो. चढावर खाचाखाचांत भरून ठेवलेली सगळी राड मग उताराच्या सुरुवातीलाच सुटते. म्हणून माथ्यावरून निघताना पहिला सरळ टप्पा हनुवटी खाली घेऊन जावं, हेल्मेटच्या व्हायझरची धार डोळ्यांच्या वर आडवी येईल इतपत. वाट दिसत राहिली पाहिजे, पण वरून येणारा चिखल व्हायझरवर आपटला पाहिजे. चाक मोकळं झालं की मान पुन्हा वर.

मातीप्रमाणे माराही बदलतो. पठारावरची काळी माती भिजली की फुगते आणि लगदा होऊन टायरला धरून बसते. ती गोळ्यांनी सुटते. महाबळेश्वरच्या माथ्यावरची किंवा कोकणातली जांभ्याची लाल माती पातळ होऊन उडते आणि सोबत बारीक खडे आणते. डोळ्याला जास्त इजा करतात ते हे खडे.

आता मडगार्ड. माउंटन बाइकला रस्त्यावरच्या सायकलसारखं लांब, धातूचं मडगार्ड चालत नाही. खडकाळ वाटेवर ते खडखडतं आणि चिखलाने गच्च भरतं. त्याऐवजी लवचीक प्लॅस्टिकचं छोटं मडगार्ड फोर्कला बांधतात. फोर्कच्या दोन पायांना जोडणारी जी कमान टायरच्या वर असते, तिच्या खालून ते बसतं आणि मागे टायरवर उतरतं. चिखल सुटतो तोच भाग त्याने झाकला जातो. घेताना शक्यतो पुढच्या बाजूलाही थोडं लांब असलेलं घ्या, कारण पुढे-वर जाणारे शितोडे तिथे अडतात. फ्रेमच्या खालच्या नळीवर बसणारं मडगार्ड चाकाबरोबर वळत नाही, त्यामुळे वळणावर त्याचा उपयोग कमी होतो. फोर्कवरचं मडगार्ड चाक जाईल तिकडे जातं.

विकत घ्यायचं नसेल तर स्टेशनरीच्या दुकानातल्या जाड प्लॅस्टिकच्या फाइलचं कव्हर चालतं. कागदावर आकार काढून कापा, कडा गोल करा, भोकं पाडा आणि चार-पाच झिप टायने कमानीला आणि फोर्कच्या पायांना आवळा. टायर आणि प्लॅस्टिक यांच्यात निदान बोटभर जागा राहिली पाहिजे, नाहीतर काळी माती तिथे अडकून चाक जखडते. ब्रेकची नळी टायखाली चेपलेली नाही ना, ते बघा. शेवटी फोर्क पूर्ण दाबून आणि हँडल दोन्हीकडे वळवून मडगार्ड फ्रेमला घासत नाही याची खात्री करा.

या फळीतून निसटलेल्या चिखलासाठी चष्मा. काच पॉलिकार्बोनेटची हवी, कडांशी गालाजवळ वळलेली हवी आणि पावसाळ्यात पारदर्शक किंवा फिकट पिवळी हवी. ढगाळ दिवशी झाडीत काळी काच म्हणजे समोरची मुळं आणि खड्डे झाकून टाकणं. काचेवर चिखल आला की हातमोज्याने पुसण्याचा मोह आवरा. त्यातले कण काचेवर कायमचे ओरखडे पाडतात. बाटलीतून पाण्याची एक पिचकारी मारा, मग मऊ कपड्याने टिपा.

धुकं साचणं ही चष्म्याची दुसरी अडचण. घामेजलेल्या चेहऱ्याची दमट ऊब गार काचेला लागली की बारीक थेंब जमतात. निघण्यापूर्वी काचेच्या आतून बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून कोरड्या कपड्याने पूर्ण पुसून घेतला, तर पाणी थेंबांऐवजी पातळ थरात पसरतं आणि आरपार दिसत राहतं. सावकाश चढावर चष्मा काढून ठेवा, माथ्यावर पुन्हा चढवा. फुल-फेस हेल्मेट घालून तीव्र उतार करणाऱ्यांना गॉगल सोयीचा. त्यावरचे एकेक ओढून फेकायचे पातळ प्लॅस्टिकचे पापुद्रे मात्र आपल्या जंगलात नकोत. फेकलेला प्रत्येक तुकडा तिथेच राहतो.

गटाने जाताना पुढच्या सायकलचं मागचं चाकही आपल्यावर चिखल उडवतं. अंतर ठेवा, शक्य तिथे थोडं बाजूने चला. डबकं आलं तर वेग कमी करून त्यातूनच जा. कडेने वळसे घालत गेलं की वाट रुंद होते आणि पुढच्या पावसात माती वाहून जाते.

एवढं करूनही चिखल डोळ्यात गेलाच, तर सर्वांत आधी थांबा. चोळू नका, चोळण्याने खडा बुबुळावर घासला जातो. सोबतच्या एका बाटलीत साधं पिण्याचं पाणी असलंच पाहिजे, इलेक्ट्रोलाइट घातलेलं नव्हे. डोकं दुखऱ्या डोळ्याच्या बाजूला कलवा, नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला पाणी सोडा आणि पापण्यांची उघडझाप करत काही मिनिटं धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर हात धुऊन ती काढा आणि पुन्हा घालू नका. माती-पाण्यातले सूक्ष्मजीव तिच्याखाली अडकून बुबुळाला गंभीर संसर्ग करू शकतात. नजर धूसर राहिली तर सायकल हातात धरून चालत उतरा. एका डोळ्याने खोलीचा अंदाज चुकतो.

धुतल्यानंतरही टोचत राहिलं, लाली वाढली, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. मातीने किंवा काडीकचऱ्याने झालेल्या जखमेतून बुबुळाला बुरशीचा संसर्ग होणं आपल्याकडे दुर्मीळ नाही, आणि शेतकऱ्यांनी त्याची मोठी किंमत मोजली आहे. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब अशा वेळी तात्पुरता आराम देतात आणि आतून बुरशी वाढू देतात. ते टाकू नका. गुलाबपाणीही नको. आपल्या वाटांवर गुरं चरतात, उंदीर फिरतात. त्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू डोळ्यांच्या ओल्या आवरणातूनही शरीरात शिरू शकतात. पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला, तर आपण चिखलात सायकल चालवली होती हे डॉक्टरांना आपणहून सांगा. तपासणीची दिशा त्या एका वाक्याने बदलू शकते.

येत्या रविवारी निघण्याआधी फोर्कवर एक मडगार्ड बांधा आणि साध्या पाण्याची एक बाटली भरा. खर्च किरकोळ आहे, आणि ज्यासाठी तो करायचा त्या डोळ्यांना पर्याय नाही.

(पुढील आठवड्यात : चिखलाने माखलेली चेन घरच्या घरी कशी धुवावी)