गुळाच्या पाकातले पॉपकॉर्न : कुरकुरीत राहावेत आणि परवडावेतही

जत्रेत, एसटी स्टँडवर, शाळेच्या फाटकाशी हल्ली तांबूस रंगाचे गोड पॉपकॉर्न मिळायला लागलेत. शहरातल्या सिनेमागृहात त्यांनाच कॅरॅमल पॉपकॉर्न म्हणतात आणि एका डब्याचे एवढे पैसे घेतात की ऐकून आपल्याला ठसका लागावा. नावाला बिचकू नका. साखर किंवा गूळ तापवून तांबूस केला की झालं कॅरॅमल. चिक्की करता येणाऱ्या बाईला यातलं निम्मं काम येतंच.

अमेरिकेत हा पदार्थ जुना आहे. शिकागोच्या रूकहाइम बंधूंनी १८९६ मध्ये 'क्रॅकर जॅक' नावानं तो विकायला काढला. त्यात काय होतं? मक्याच्या लाह्या, शेंगदाणे आणि उसाची मळी, म्हणजे आपल्या काकवीच्या जवळची वस्तू. सगळ्याचा एक गोळा होऊ नये म्हणून ते ढवळताना थोडं तेल घालत. आपल्या शेंगदाण्याच्या चिक्कीचा हा लांबचा मावसभाऊच म्हणायचा.

गटांच्या बैठकीत मात्र मला दोन प्रश्न सारखे ऐकू येतात. एक, "ताई, केले तेव्हा कुरकुरीत होते, दुसऱ्या दिवशी दाताला चिकटायला लागले, असं का?" आणि दुसरा, "माल तर सगळा गेला, मग हातात पैसा का नाही?" आज या दोन्हींवर बोलू.

आधी मका. शेतात कणसांसाठी किंवा जनावरांसाठी लावतो तो मका नीट फुटत नाही. पॉपकॉर्नचा दाणा वेगळ्या जातीचा, लहान आणि कडक सालीचा असतो. त्याच्या आत थोडं पाणी असतं, शंभरात साधारण १३-१४ भाग. दाणा तापला की त्या पाण्याची वाफ होते, कडक साल ती वाफ कोंडून धरते आणि १८० अंशांच्या आसपास दाणा फाटून उलटा होतो. म्हणून जुना, वाळून कोळ झालेला मका फुटत नाही. असा मका घरात असेल तर टाकू नका. बरणीत भरा, किलोला दोन चमचे पाणी शिंपडा, झाकण लावून हलवा आणि तीन-चार दिवस रोज हलवत ठेवा. बराचसा सुधारतो.

फोडताना जाड बुडाचं पातेलं घ्या. त्यात दोन चमचे तेल आणि तीनच दाणे टाका. तिन्ही फुटले म्हणजे तेल तापलं, मग बाकीचे घाला. झाकण किंचित कलतं ठेवा. पूर्ण बंद केलं तर वाफ आत जिरते आणि लाह्या चिवट होतात. मग पाक कितीही चांगला केला तरी उपयोग नाही. आवाज विरळ झाला की उतरवा आणि मोठ्या भोकाच्या चाळणीत घोळून न फुटलेले दाणे काढून टाका. पाकात लपलेल्या एका दाण्यानं गिऱ्हाइकाचा दात दुखावला, तर ते गिऱ्हाईक पुन्हा आपल्या दारात येत नाही.

आता माप. पॉपकॉर्नचा मका १०० ग्रॅम, गूळ १५० ग्रॅम, तूप दोन मोठे चमचे, भाजून सोललेले शेंगदाणे ५० ग्रॅम, मीठ चिमूटभर आणि खाण्याचा सोडा पाव चमचा. एवढ्यात साधारण २८० ग्रॅम माल होतो. बाजारात 'चिक्कीचा गूळ' म्हणून वेगळा गूळ मिळतो, तो मिळाला तर उत्तम, कारण त्याचा पाक कडक बसतो. नाहीतर निम्मा गूळ आणि निम्मी साखर घ्या. नुसत्या साखरेचा पाकही होतो, पण त्याला गुळाची चव नाही, असं माझं मत.

कढईत तूप, किसलेला गूळ आणि चमचाभर पाणी घालून मध्यम आचेवर ठेवा. गूळ विरघळेल, फेस येईल, रंग गडद होऊ लागेल. शेजारी वाटीत थंड पाणी घेऊन बसा आणि त्यात पाकाचा थेंब टाकून बघत राहा. आधी तो पाण्यात पसरतो. मग बोटानं वळता येईल अशी मऊ गोळी होते. चुरमुऱ्याच्या लाडवाला ती चालते, आणि आपल्या बहुतेक जणी सवयीनं इथंच गॅस बंद करतात. पॉपकॉर्नला ही गोळी चालत नाही. थेंब पाण्यात पडताच कडक व्हायला हवा, वाटीवर आपटला की टणकन वाजायला हवा आणि काचेसारखा मोडायला हवा. मऊ गोळीच्या पाकात पाणी शिल्लक असतं, तेच दुसऱ्या दिवशी दाताला चिकटतं. कडक पाकापासून करपण्यापर्यंतचं अंतर फार थोडं आहे, म्हणून या वेळी फोन आला तरी उठायचं नाही.

थेंब वाजला की गॅस बंद करा, मीठ आणि सोडा घालून भरभर ढवळा. पाक फसफसून वर येतो, त्यामुळे कढई मोठीच हवी. गुळात थोडा आंबटपणा असतो, तो आणि उष्णता मिळून सोड्यातून वायू सुटतो. पाकात बारीक बुडबुडे अडकतात, म्हणून तो दगडासारखा न बसता खुसखुशीत बसतो. लगेच लाह्या आणि शेंगदाणे घालून दोन उलथन्यांनी खालीवर करा.

पुढची पायरी बहुतेक जणी गाळतात. भट्टीवाले हा माल मंद भट्टीत तासभर वाळवतात. आपल्याकडे भट्टी नाही, तर कढईखाली तवा ठेवून अगदी मंद आचेवर सहा-सात मिनिटं सतत हलवत राहायचं. उरलेला ओलावा जातो. मग तुपाचा हात लावलेल्या परातीत पसरून, कोमट असतानाच लाह्या एकमेकींपासून सोडवायच्या.

एक गोष्ट आवाज चढवून सांगते. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त गरम असतो, १४०-१५० अंशांपर्यंत जातो, आणि कातडीला चिकटून बसतो. लहान मुलं चुलीजवळ नकोत आणि पाकाची चव बोटानं बघायची नाही. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली हात धरा. पाक ओढून काढू नका. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. फोड मोठा असेल तर दवाखाना गाठा. शिवाय चार वर्षांच्या आतल्या मुलांना पॉपकॉर्न देऊच नका, लाही किंवा दाणा श्वासनलिकेत अडकतो. शेंगदाण्यालाही हेच लागू.

आता साठवण. गूळ हवेतलं पाणी ओढतो, साखरेपेक्षा जास्त. पावसाळ्यात उघड्या परातीतला माल दोन तासांत नरम पडतो. म्हणून माल पूर्ण गार झाला की लगेच भरायचा. गरम भरला तर पिशवीला आतून घाम येतो, उशीर केला तर बाहेरची हवा लागते. भाजीची पातळ पिशवी चालत नाही, जाड पदरी पाऊच आणि सीलिंग मशीन लागतं. श्रावणात पुड्या लहान करा, म्हणजे फोडली की संपली. नरम पडलेला माल मंद आचेवर परतला की घरच्यापुरता पुन्हा कुरकुरीत होतो, पण तो विकायचा नाही.

मका मिळत नसेल तर ज्वारीच्या लाह्या घ्या. नागपंचमीला आपण करतोच: ज्वारीवर गरम पाणी घालून, निथळून, रात्रभर कापडात बांधून ठेवायची आणि सकाळी तापल्या कढईत फोडायची. ज्वारीची लाही बारीक असल्यानं तेवढ्याच वजनाला पाक थोडा जास्त लागतो. शहरातल्या प्रदर्शनात या लाह्यांकडे लोक कुतूहलानं बघतात. मक्याचा पॉपकॉर्न त्यांना कोपऱ्यावर मिळतोच की.

आता हिशोब. भाव मी धरून चालते, तुम्ही तुमच्या गावचे घाला. मका किलोला १२० रुपये, गूळ ६०, तूप ६००, शेंगदाणे १४० धरले तर वरच्या मापाला सुमारे ४३ रुपये लागतात. दहा घाणे केले तर ४३० रुपये, आणि ७० ग्रॅमच्या ४० पुड्या होतात. फोडायचं तेल आणि गॅस मिळून ४०. पाऊच आणि लेबल पुडीला ३ प्रमाणे १२०. झाले ५९०, म्हणजे पुडीला पावणेपंधरा रुपये. इथं बाया थांबतात आणि म्हणतात, वीसला देऊ, सव्वापाच सुटतात. चाळीस पुड्यांचे सुटले २१०. पण त्यासाठी दोघींनी अर्धा दिवस आचेसमोर काढला, त्याचं काय? त्या २१० मधून एकीच्या वाट्याला १०५ येतात. तेवढा वेळ दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेलो तर आपण मजुरी मागतो, मग आपल्याच गटात फुकट का राबायचं? दोघींचे २०० प्रमाणे ४०० धरा. खर्च ९९० झाला, पुडी पंचवीसला पडली. दुकानदाराला तीसच्या खाली देऊ नका, तो पस्तीस-चाळीसला विकेल. "एवढे कोण देणार?" असं सासूबाई म्हणतील, म्हणू द्या. तीस परवडत नसतील तर पुडी ५० ग्रॅमची करा, मजुरी कापू नका. आणि गटाच्या वहीत मजुरीचा रकाना वेगळा आखा. तो रकाना नसला की नफा दिसतो आणि बाई दिसत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. गावात चार घरी देण्यापलीकडे विक्री करायची तर एफएसएसएआयची नोंदणी हवी. लहान उद्योगाच्या साध्या नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन होतो. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं कॅरॅमल पॉपकॉर्नला त्या वेळच्या नियमानं १८ टक्के कर लागत असल्याचं स्पष्ट केलं, तेव्हा त्यावर देशभर विनोद झाले आणि आपल्यातल्या काही जणी घाबरल्या. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर राज्यातच माल विकणाऱ्याला जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही. चाळीस लाखांचे पॉपकॉर्न विकलेत तर मला जरूर कळवा.

लेबलवर पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमानं घटक, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत चांगला, बॅच नंबर, गटाचा पत्ता, नोंदणी क्रमांक आणि शाकाहारीची हिरवी खूण हवी. 'यात शेंगदाणे आहेत' हे ठळक छापा, काही जणांना ते बाधतात. 'कधीपर्यंत चांगला' ही तारीख अंदाजानं टाकू नका. पहिल्या खेपेतल्या दहा पुड्या फळीवर ठेवा, दर तीन दिवसांनी एक फोडून खाऊन बघा आणि वहीत लिहा. ज्या दिवशी नरम लागली, त्याच्या बऱ्याच आधीची मुदत छापा. उन्हाळ्यात काढलेली मुदत पावसाळ्यात चालत नाही, ती जूनमध्ये पुन्हा काढावी लागते.